चार हजार वेढे

"मोजणी चुकली म्हणालास. चारचौघांत म्हणालास."

"अरे, गिऱ्हाइकासमोर दुसरं काय म्हणणार होतो?"

"जे झालं ते."

"जे झालं ते सांगून दुकानं चालत नसतात."

"बरं, तिथे नाही तर इथे म्हण. या चार भिंतींत म्हण. इथे कोणी ऐकत नाही."

ऐकत नाही कसं? दुकानाच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूंची नवी सून कडेवर किरकिरं पोर घेऊन उभी होती. मधली जमीन लाकडी फळ्यांची. फळ्यांतल्या फटी एवढ्या रुंद की खालच्या वार्निशाचा वास सकाळ-संध्याकाळ वर यायचा. वास यायचा तर शब्दांनी काय घोडं मारलं होतं? तिने पोराच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि ऐकत राहिली.

थोरला हसला. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाला. मग दार आपटल्याचा आवाज आला आणि भांडण संपलं. भांडी आदळली नाहीत, कोणी कोणाच्या आईबापापर्यंत गेलं नाही. तिच्या सासरी याहून मोठी भांडणं भाजीत मीठ कमी पडल्यावर होत. म्हणून ती मनात म्हणाली, दोघे भाऊ आहेत, उद्या बोलतील. ते उद्या काही आलं नाही. सत्तावीस वर्षं गेली.

खाली दुकान होतं ते सभागृहांना, शाळांना माइक आणि अॅम्प्लिफायर बनवून देण्याचं. थोरला बोलका. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, अॅम्प्लिफायर जोडावा, तो नेऊन बसवावा, हे त्याचं काम. धाकटा अबोल. तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. केसाहून बारीक तांब्याची तार रिकाम्या रिळावर एकेक वेढा करून चढवायची, एकावर एक तार येऊ द्यायची नाही, ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर ढिली पडते. दिवसभर हेच. म्हणून त्याला सगळे वेढे म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथेच राहिलं. लग्न त्याने केलं नाही असं तो म्हणे. झालं नाही असं लोक म्हणत.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे वरच्या सुनेने एकदा त्याला विचारलं होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण कळेपर्यंत सोडायची नाही. त्याने सांगितलं ते असं. एका लोखंडावर दोन गुंडाळ्या असतात. एकीची तार दुसरीला कुठेच शिवत नाही. तरी पहिलीत काही हललं की दुसरीला ते कळतं. माणूस माइकपुढे बोलतो तेव्हा माइकमधून निघतं ते अगदी नाजूक असतं, झोपलेल्या बाळाच्या श्वासाएवढं. ते तसंच अॅम्प्लिफायरला दिलं तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पहिल्या गुंडाळीला चारशे वेढे आणि दुसरीला चार हजार. दहा पट वेढे, की दाब दहा पट.

"म्हणजे फुकटात दहा पट?" तिने विचारलं होतं.

"फुकट काय मिळतं, वहिनी? नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. बादली लवकर भरते का?"

"नाही बाई."

"तसंच. पण अॅम्प्लिफायरला बादली भरून नकोच असते. त्याला नुसती धार लागली की पुरे. कोणाला काय सोसतं, कोणाला किती लागतं, ते बघून मध्ये बसायचं. एवढंच ट्रान्सफॉर्मरचं काम."

याला या धंद्यातले लोक इंपिडन्स जुळवणं म्हणतात. शब्द तोंड भरून येतो, पण गोष्ट घरगुती आहे. पिसाला ढकलून अंगातलं बळ वाया जातं आणि भिंतीला ढकलूनही वाया जातं. ढकलणारा आणि ढकलायची वस्तू एकमेकांजोगी लागते. लग्न जमवणाऱ्या बायकांना हे न शिकता येतं.

मोजणीची त्या दोघांची एक रीत होती. मोजायचं यंत्र बाजारात मिळे, पण वेढेला ते नको होतं. तार तुटून रीळ रिकामं फिरलं तरी यंत्र आपलं मोजतच राहतं, असं तो म्हणे. तो मनात शंभरापर्यंत मोजायचा आणि शंभर झाले की मान हलवायचा. थोरला शेजारी बसून अॅम्प्लिफायर जोडत असे. मान हलली की तो टेबलावर बोटाच्या पेराने एकदा वाजवायचा, टक्, आणि पत्र्याच्या डब्यात एक बटण टाकायचा. टक् म्हणजे ऐकलं, मोजलं, पुढे चल. चाळीस बटणं झाली की चार हजार. वरची सून त्या टक्-वर पोराला झोपवायची. पाळण्याला झोका देणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

मग एका मोठ्या सभागृहाचं काम आलं. थोरल्याच्या डोक्यात आलं की दहा पटीने एवढा आवाज होतो, तर तीस पटीने केवढा होईल. धाकट्याने सांगून पाहिलं. तीस पट वेढे भरले तर दाब तीस पट होईल, पण ती धार इतकी बारीक आणि लांब होईल की वाटेतच उडून जाईल. तारांच्या त्या गर्दीत आवाजातलं बारीक, धारदार असेल ते सगळं मुरेल आणि बोलणं गोधडीतून आल्यासारखं येईल. थोरला म्हणाला, "मी सांगतो तेवढे घाल." थोरला तो थोरला. धाकट्याने बारा हजार वेढे घातले, एक कमी नाही की एक जास्त नाही. टक् थोरल्यानेच केलं, बटणं थोरल्यानेच टाकली.

आणि उद्घाटनाच्या दिवशी बोलणं गोधडीतून आलं. आवाज दणकट, पण शब्द कोणाला कळेना. सभागृहाचे चालक तोंड वाकडं करून आले तेव्हा थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "भावाची मोजणी चुकली. बदलून देतो."

वेढे मागे खुर्च्या लावत उभा होता. त्याला पैशाचं काही नव्हतं, नावाचंही फारसं नव्हतं. पण मोजणी ही एकच गोष्ट होती जी त्याला आयुष्यात येत होती. त्याला एक वाक्य हवं होतं: तुझी मोजणी चुकली नव्हती, दहाच बरोबर होते. भावाच्या तोंडून हवं होतं, बाकी कोणाच्या नाही. ते मिळालं नाही म्हणून त्याने बटणांचा डबा उचलला आणि दुकान सोडलं.

पुढे त्याला एका रुग्णालयात काम मिळालं. लवकर बरं न होणाऱ्या माणसांचं रुग्णालय. मोठ्या वॉर्डात चोवीस खाटा, आणि प्रत्येक खाटेशी खिळ्याला टांगलेली एक काळी गोल डबी, टेलिफोनच्या कानाकडच्या तुकड्यासारखी. रोज चार वाजता एक निवृत्त शिक्षिका खालच्या छोट्या खोलीत माइकपुढे बसून वर्तमानपत्र वाचत. ज्याला ऐकायचं त्याने डबी कानाला लावायची. प्रत्येक डबीमागे एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर. तो नसता तर पहिल्या खाटेवरच्याने लाइनीतलं सगळं एकट्याने पिऊन टाकलं असतं आणि चोविसाव्याच्या वाट्याला कोरड आली असती. ट्रान्सफॉर्मर होता म्हणून ज्याने त्याने घोटभर घ्यायचं आणि शेवटच्यापर्यंत पुरायचं. ही सगळी लाइन वेढेच्या हातची. त्याची कामाची खोली जिन्याखाली होती. छत तिरपं, एका बाजूला उभं राहता येई, दुसऱ्या बाजूला डोकं आपटे. दिवसभर डोक्यावरून पावलं जात. कोणाची कोणती हे त्याला आवाजावरून कळे, पण खाली वळून त्याच्या दाराशी येणारी क्वचितच असत.

एकीची मात्र येत. ती जुन्या दुकानावरच्या खोलीतली सून. नवरा गेल्यावर ती याच रुग्णालयात आया म्हणून लागली होती. आता पन्नाशी उलटली होती आणि सगळे तिला मावशी म्हणत. रोज साडेतीनला ती वॉर्डातून फिरे आणि प्रत्येक डबीवर नखाने एकेक टिचकी मारी. खाली वेढे अॅम्प्लिफायर बंद ठेवून, लाइनीला हेडफोन जोडून बसलेला असे. ऐकायची डबी उलटीही चालते. तिच्यावर टिचकी मारली की ती तारेतून मागे येते, अगदी बारीक. तो मोजायचा. चोवीस आल्या की वहीत तारीख घालून २४ लिहायचा. सव्वीस वर्षांच्या वह्या होत्या, सगळ्या २४ ने भरलेल्या. एखाद्या दिवशी तेवीस आल्या की तो दुसऱ्या दिवसापर्यंत बेचैन असे.

वॉर्डात मात्र तो जात नसे. बिघडलेली डबी मावशी खाली आणून देई, दुरुस्त झालेली वर नेई.

"एकदा वर येऊन बघा की," ती म्हणे. "ज्यांच्यासाठी करता त्यांची तोंडं तरी बघा."

"ऐकतो की रोज."

"टिचक्या माझ्या असतात, वेढेकाका. त्यांच्या नाहीत."

यावर तो वही मिटायचा.

एका सकाळी मावशी आली ती दारातच घुटमळली. तिच्या हातात डबी नव्हती.

"चोवीस नंबरला नवा पेशंट आलाय. उजवं अंग गेलंय, वाचाही. डावा हात चालतो. सगळं कळतं, नुसतं बोलता येत नाही." ती थांबली. "तुमचा थोरला आहे."

वेढे तार सोलत होता, सोलत राहिला. तार सोलून झाल्यावर म्हणाला, "चोविसाव्याची डबी कालच बघितली होती. चांगली आहे."

"मी डबीचं सांगत नाहीये."

"मला कळलं मावशी."

तो वर गेला नाही. पण जिन्यावरची पावलं तो आता जास्त ऐकू लागला. महिन्यातून एकदा अनोळखी बूट जात, थोड्याच वेळात परत येत. तो पुतण्या असणार. वाचा गेली म्हणजे ते वाक्यही गेलं, हे त्याच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. सत्तावीस वर्षं त्याने ते कुठेतरी ठेवून दिल्यासारखं वागून काढली होती, की आज नाही तर उद्या, आहे तर खरं. आता ते कुठेच नव्हतं.

"ऐकतो का?" एकदा त्याने विचारलं, मान वर न करता.

"नाही. मी डबी हातात देते, तो खिळ्याला लावून टाकतो. लाइन कोणाची ते त्याला माहीत आहे. मीच सांगितलं." मग तीच म्हणाली, "तुमचा ट्रान्सफॉर्मर सांगितला होता ना मला, एकाच लोखंडावर दोन गुंडाळ्या आणि एकमेकींना शिवायचं नाही? तुम्हा दोघांवरूनच कोणीतरी काढलाय तो."

सहा महिने असे गेले. मग एका दमट आठवड्यात चार वाजता बाई वाचायला बसल्या आणि चोवीस डब्या मुक्याच राहिल्या. टिचक्या साडेतीनला बरोबर आल्या होत्या, म्हणजे लाइन ठीक होती. वेढेने माइकचा ट्रान्सफॉर्मर उघडला. आत तार हिरवी पडून तुटली होती. सव्वीस वर्षांपूर्वी गुंडाळलेली, त्याच्याच हातची. नवी गुंडाळायला हवी होती.

ऑफिसातल्या साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते.

"सोमवारपर्यंत होत असेल तर करा, वेढे. नाहीतर डब्या काढून टाकू आणि वॉर्डाच्या मध्यावर एक भोंगा लावू. एक बटण दाबलं की सगळ्यांना ऐकू जाईल, ज्याला नको त्यालाही."

"सोमवारपर्यंत होईल."

"आणि करताच आहात तर आवाज जरा वाढवा. त्या ट्रान्सफॉर्मरमध्येच करता येतं ना काहीतरी? तिप्पट करून टाका."

वेढेला वाटलं कोणीतरी जुनं दार उघडून पुन्हा लावलं. "तीस पट?"

"मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही बघा."

"दहाच राहील साहेब. आवाज वाढवायचा तर अॅम्प्लिफायरची चकती फिरवू."

"तुमची जबाबदारी," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

मंगळवारी त्याने तार चढवायला घेतली. चारशे वेढ्यांची पहिली गुंडाळी सरळ झाली. दुसरीला बारीक तार. डोळ्यांना आता ती दिसत नव्हती, बोटांनाच कळायची. बुधवारी दुपारी सतराशेच्या आसपास पहारेकऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "काका, घड्याळात किती झाले?" आणि त्याने सांगितलं, "अडीच." सांगितल्यावर बघतो तर डोक्यात आकडा नाही. डब्यात बटणं सतरा होती. पण अठरावं टाकायचं राहिलं होतं की त्याची वेळ अजून यायची होती? आयुष्यात पहिल्यांदाच तो मोजणी चुकला होता, आणि बघायला कोणी नव्हतं. चालून गेलं असतं. शंभर वेढ्यांनी कोणाच्या कानाला फरक पडला नसता, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

त्याने सगळी तार उलगडली.

गुरुवारी दुसऱ्यांदा लागला आणि बाराशेला तार तुटली. शुक्रवारी मावशी जेवणाची सुट्टी घेऊन खाली आली, स्टूल ओढून बसली आणि बटणांचा डबा स्वतःकडे घेतला.

"तुम्ही गुंडाळा. बटणं मी टाकते."

"तुम्हाला नाही जमायचं."

"शंभर तुम्ही मोजणार. मला एक-एकच तर टाकायचंय. तेवढं चौथीत शिकवतात."

त्याने चाक फिरवायला घेतलं. शंभर झाले आणि सवयीने मान हलली. मावशीने टेबलावर बोटाच्या पेराने वाजवलं. टक्. बटण डब्यात पडलं.

चाक थांबलं.

"असंच करायचा ना तो?" मावशी म्हणाली. "वरून ऐकायचे मी. माझं पोर त्याच्यावर झोपायचं."

वेढेने रिळावरची तार बोटाने दाबून धरली. तिनेच पुढे सांगितलं, आणि आवाज जरा खाली आणला.

"त्या सभागृहाच्या कामाला एकशेवीस झाले होते. तीन दुपारी. पोराला ताप होता, झोपत नव्हतं, मला दुसरा उद्योग नव्हता. मोजले मी. एकशेवीस म्हणजे बारा हजार. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला घरात पाणी हवं का एवढंही कोणी विचारत नव्हतं, वेढेकाका. आणि फटीतून ऐकलं म्हणून सांगू?"

तो खुर्चीत थोडा मागे टेकला. ज्याची सत्तावीस वर्षं वाट बघितली त्याच्या जवळपास पोचणारं काहीतरी हातात आलं होतं आणि ते हातात मावत नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण ते त्याचं होतं म्हणायचं."

"ते आता कुठून म्हणणार तो?"

"म्हणून तर."

त्याने चाक पुन्हा हाती घेतलं. शुक्रवारी वीस बटणं झाली, शनिवारी वीस. चार हजार. मावशीने डबा उपडा करून पुन्हा एकदा मोजली, उगाच, आणि एक बटण आपल्या पोलक्याचं तुटलंय म्हणून उचललं. चाळीसच्या जागी एकोणचाळीस बटणांच्या डब्याकडे तो असा बघत राहिला की तिने ते निमूट परत टाकलं.

सोमवारी साडेतीनला चोवीस टिचक्या आल्या. चार वाजता बाईंनी वाचायला घेतलं. पुलाच्या दुरुस्तीची बातमी, मग हवेचा अंदाज, मग कोणाचीतरी हरवलेली सायकल. वेढे हेडफोन लावून बसला होता. शब्द सुटे सुटे येत होते, पान उलटल्याची सरसर, बाईंनी घेतलेला श्वास, ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा. गोधडी कुठेच नव्हती. त्याने अॅम्प्लिफायरची चकती जराशी वाढवली आणि हात मांडीवर ठेवला.

मंगळवारी साडेतीनला तो पुन्हा मोजायला बसला. एक, दोन, तीन. मावशीचं नख ओळखीचं होतं, कोरडं आणि लगबगीचं. तेवीस. चोवीस. त्याने वहीकडे हात नेला.

आणि आणखी एक टिचकी आली.

ही मावशीची नव्हती. सावकाश होती, जड होती. मग दुसरी. दोन टिचक्यांच्या मध्ये एवढा वेळ की वेढेला वाटलं, बोट उचलायलाच तेवढा लागत असणार. तो मोजत गेला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. सात. आठ. नऊ. दहा.

त्यापुढे काही आलं नाही. त्याने वाट पाहिली. अकरावी आली नाही, तिसापर्यंत कोणी गेलं नाही. दहावर थांबलं आणि थांबलेलंच राहिलं.

वाचणाऱ्या बाई अजून आल्या नव्हत्या. वेढेने अॅम्प्लिफायर चालू केला आणि, हेडफोन अजून गळ्यात, तसाच उठून शेजारच्या, बाईंच्या वाचायच्या खोलीत गेला.  माइक टेबलावर होता. त्याने टेबलावर बोटाच्या पेराने एकदाच वाजवलं. टक्.

वर वॉर्डात ज्यांच्या कानाला डब्या होत्या त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सातव्या खाटेवरचा म्हणाला, "बिघडलं वाटतं परत." पण मावशी चोविसाव्या खाटेशी उभी होती. थोरल्याने डबी डाव्या हाताने कानाशी दाबून धरली होती. आदल्या दिवशीच, चार वाजता, त्याने हात पुढे करून ती मागितली होती आणि वाचन संपेपर्यंत सोडली नव्हती. आता ते टक् आलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मावशीने लगबगीने पलीकडच्या खाटेची चादर ओढायला घेतली. ती चादर नीटच होती.

ती खाली आली तेव्हा वेढे आपल्या जागी बसलेला होता.

"दहा कोणी वाजवल्या?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"मी चोवीसच वाजवल्या. मग त्याने माझ्या हातातून डबी घेतली. काल ऐकल्यापासून अस्वस्थ होता. कान काही गेले नाहीत त्याचे."

"दहाच आहेत हे त्याला कळलं."

"दुकानदार होता ना हो तो. तुम्हाला काय वाटलं, तेव्हा कळलं नव्हतं?"

वेढेने वही उघडली, तारीख घातली, २४ लिहिलं. पेन जरा रेंगाळलं. मग तेवढंच ठेवून त्याने वही मिटली. दहा ही लाइनीची नोंद नव्हती.

रविवारी वाचन नसे. त्या रविवारी तो जिना चढून वर गेला. त्याची पावलं जिन्याखाली ऐकायला कोणी नव्हतं. चोविसाव्या खाटेशी स्टूल होतं, त्यावर बसला. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला सवय नव्हती. थोरला बारीक झाला होता. त्याचं हसू डाव्या गालावरच येत होतं. बराच वेळ खिडकीबाहेरची दोरीवरची चादर हलताना बघून झाली. मग वेढेची नजर भावाच्या डाव्या हातावर गेली. नखं वाढली होती. त्याने खिशातून तार कापायची छोटी कात्री काढली, हात मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. पहिल्या बोटाचं मात्र थोडं ठेवलं, टिचकीपुरतं. थोरल्याने ते बोट वर करून पाहिलं आणि डावा गाल पुन्हा हसला.

तेव्हापासून रोज चोवीसनंतर एक जड टिचकी यायची आणि खालून एक टक् जायचं. रविवारी वेढे वर जायचा. असे अकरा रविवार झाले. बाराव्याच्या आधी, एका बुधवारी, साडेतीनला चोवीसच आल्या. मावशी खाली यायच्या आधी त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने जिन्यातूनच विचारलं, "चोवीसची खाट रिकामी आहे. तिथे वाजवू का?"

"वाजवा. मोजणी चोवीसची आहे."

त्यानंतर त्या खाटेवर दुसरं कोणी आलं, मग आणखी कोणी. रविवारी वेढे पुन्हा रुग्णालयाकडे फिरकेनासा झाला. मावशीने दोन-तीनदा घरी चहाला बोलावलं. तो येतो म्हणे आणि येत नसे. तिरप्या छताच्या कमी उंचीच्या बाजूला त्याने एक स्टूल मात्र आणून ठेवलं होतं. त्यावर कोणी बसत नसे, तरी तो ते पुसायचा.

त्याच्या आयुष्यातला शेवटचा दिवस कसा गेला म्हणाल तर रोजच्यासारखा. महिन्याचा पहिला शनिवार होता, म्हणून तो सकाळी तारेच्या दुकानात गेला. दुकानदाराने रीळ तराजूत टाकलं, त्याने ते उचलून बोटांत तारेचं टोक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ही जाड आहे." दुकानदार म्हणाला, "काका, डोळ्यांना तरी दिसते का ती?" तो म्हणाला, "डोळ्यांना कोण विचारतंय?" दुकानदाराने हसून दुसरं रीळ दिलं. ते कागदात गुंडाळून, खिशात न घालता, हातात धरून तो चालत परत आला.

दुपारी अकराव्या खाटेची डबी दुरुस्त करून त्याने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली, मावशी नेहमी उचलायची तिथे. साडेतीनला हेडफोन लावला. चोवीस आल्या. लिहिल्या. चारला बाईंनी वाचलं, पाचला त्याने अॅम्प्लिफायर बंद केला, वर फडकं घातलं, बटणांच्या डब्याचं झाकण दाबलं आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली फाटकाजवळच्या खिळ्याला अडकवायची असते. पहारेकऱ्याने विचारलं, "उद्या येणार का काका?"

"उद्या रविवार. परवा, साडेतीनला."

त्याने किल्ली खिळ्याला लावली. ती थोडी हलत होती, म्हणून बोटाने धरून स्थिर केली, आणि मग फाटकाबाहेर पडला.